कर्जमाफी झाली तरी सिबिलमध्ये थकबाकी, वर न घेतलेलं गाडीचं कर्ज: हे दुरुस्त कसं करायचं?

भाऊ, तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत. २०१९ च्या कर्जमाफीत तुमचं पीककर्ज माफ झालं, सातबाऱ्यावरचा बोजाही उतरला, तरी सिबिलच्या (कोणी किती कर्ज घेतलं, कसं फेडलं याची नोंद ठेवणारी कंपनी) रिपोर्टमध्ये त्या खात्यापुढं ‘रिटन ऑफ’ आणि थकीत रक्कम दिसते. दुसरं, दुचाकीचं एक कर्ज दिसतं, जे तुम्ही घेतलंच नाही. आणि म्हशींचं कर्ज नाकारलं गेल्यावर तालुक्यातला एक जण दहा हजारांत ‘सिबिल साफ’ करून द्यायला तयार आहे, तर द्यावेत का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो: एक रुपयाही देऊ नका. चुकीची ओळ दुरुस्त करायला फी नाही, आणि खरी ओळ कोणाच्या बापाला पुसता येत नाही. असे लोक तुमचं आधार, पॅन आणि ओटीपी घेऊन तुमच्याच नावानं फुकटची तक्रार टाकतात. तेवढंच करून थांबले तर नशीब समजा.

मी यवतमाळ जिल्ह्यात सेवा केंद्र चालवतो. खरिपाच्या तोंडावर रोज कोणी ना कोणी येतो, “माहं सिबिल खराब हाये म्हन्ते बँकवाले.” कोणती ओळ खराब आहे, ती कोणत्या बँकेनं लिहिली, हे शंभरातल्या नव्वदांनी पाहिलेलं नसतं. साहेब काउंटरवरून स्क्रीनकडं पाहून मान हलवतो आणि माणूस घरी येतो. खरं म्हणजे सिबिल स्वतः काहीच लिहीत नाही. बँक किंवा फायनान्स कंपनी जे पाठवते तेच तिथं छापलं जातं, आणि ज्यानं पाठवलं त्यानं होकार दिल्याशिवाय सिबिलला ते बदलता येत नाही. म्हणून तुमचं भांडण सिबिलशी नाही, ती ओळ लिहिणाऱ्या शाखेशी आहे. आणि ते कागदावर भांडायचं आहे. साहेबाला दहादा भेटून काही होत नाही, हे मी रोज पाहतो.

आधी पूर्ण रिपोर्ट हातात घ्या. नुसता ७०० की ५८० हा स्कोअरचा आकडा कामाचा नाही. देशात कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्यानं स्कोअर कमी होत नाही, ही भीती काढून टाका. अडचण बहुतेक वेळा मोबाइलच्या नंबरची येते. कर्जाच्या वेळी दिलेलं सिम कधीच बंद झालेलं असतं आणि ओटीपी जातो तिकडं. तसं असेल तर ओळखपत्र जोडून कंपनीला मेल किंवा टपाल करा. आणखी एक वाट आहे. ज्या बँकेत तुम्ही कर्जाचा अर्ज केला, तिनं तुमच्याबद्दल मागवलेल्या माहितीची प्रत तुम्ही तिच्याकडं मागू शकता. २००५ च्या क्रेडिट माहिती कंपन्यांच्या कायद्यात तो हक्क आहे. शाखेत हे माहीत नसल्यासारखं करतात, म्हणून तेही लेखीच मागा.

आता कर्जमाफीची ओळ. हा घोळ आपल्याकडं फार आहे आणि त्याचं कारण साधं आहे. खातं बरेच दिवस थकलं की बँक ते आपल्या ताळेबंदातून काढून टाकते. त्यालाच रिटन ऑफ म्हणतात. त्यात शेतकऱ्याला सूट काही मिळत नाही, वसुलीचा हक्क बँक ठेवूनच असते. पुढं महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत सरकारचे पैसे त्या खात्यात जमा झाले. शाखेनं बेबाकी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला दिला, तलाठ्यानं बोजा कमी केला. पण क्रेडिट कंपन्यांना जाणाऱ्या माहितीत ते खातं बंद झाल्याचं कोणी कळवलंच नाही, आणि ओळ होती तशीच गोठून राहिली. रिपोर्टमध्ये त्या खात्याजवळ ‘डेट रिपोर्टेड’ असतं, ते बघा. तिथं २०१९ किंवा २०२० मधली तारीख असेल तर हेच झालं आहे.

कागद गोळा करा. आधार प्रमाणीकरण केलं तेव्हा सेवा केंद्रातून मिळालेली पावती, माफीची रक्कम जमा झाल्याची नोंद असलेला खाते उतारा, बेबाकी दाखला, बोजा कमी झाल्याचा फेरफार. यात खाते उतारा सगळ्यात वजनदार. तो घेताना शेवटी शून्य आहे का ते नक्की पाहा. योजना ३० सप्टेंबर २०१९ च्या थकबाकीवर, व्याजासकट दोन लाखांपर्यंत होती, आणि काही खात्यांत माफी जमा झाल्यावरही किरकोळ व्याज लटकत राहिलेलं मी पाहिलं आहे. तसं असेल तर आधी ते मिटवा, नाहीतर बँक म्हणेल, खातं बंदच कुठं झालं?

मग शाखा व्यवस्थापकाच्या नावानं अर्ज. फार लिहू नका, एवढं पुरे:

“माझे पीककर्ज खाते क्र. … हे महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेखाली दि. … रोजी पूर्ण रक्कम जमा होऊन बंद झाले आहे. तरीही आपल्या बँकेने क्रेडिट माहिती कंपन्यांना दिलेल्या माहितीत हे खाते ‘रिटन ऑफ’ व रु. … थकीत असे दिसते. खात्याची स्थिती बंद, शिल्लक शून्य, थकीत शून्य व बंद झाल्याचा खरा दिनांक, अशी दुरुस्ती चारही कंपन्यांना पाठवावी व पाठवल्याचे मला लेखी कळवावे. सोबत कागदपत्रे जोडली आहेत.”

बंद झाल्याचा दिनांक मुद्दाम घातला आहे, तो गाळू नका. नुसतं ‘स्थिती बदला’ म्हटलं की शाखा आजच्या तारखेनं खातं बंद करते आणि तुमची जुनी थकबाकी आजवर ओढल्यासारखी दिसते. खरी तारीख पडली तर ते उशिराचे महिने दिसतील, पण त्या काळातले म्हणून दिसतील, आणि नवा कर्ज देणारा जास्त बघतो तो अलीकडची वर्षं. माफीच्या आधी बँकेनं खरोखरच खातं रिटन ऑफ केलं असेल, तर त्याचा उल्लेख लगेच पूर्ण जाईलच असं नाही. शून्य शिल्लक आणि तारीख या दोन गोष्टींवर मात्र मागं हटू नका.

अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का आणि सही घ्या. पोच द्यायला काकू केलं तर तोच अर्ज स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपून ठेवा. रिपोर्टमध्ये जुन्या बँकेचं नाव असेल तर घाबरू नका. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली, देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात, अलाहाबाद बँक २०२० मध्ये इंडियन बँकेत. जी बँक आज आहे तिनंच दुरुस्ती पाठवायची. अर्जात जुना खाते क्रमांक आणि आताचा, दोन्ही लिहा.

अर्ज दिला त्याच दिवशी सिबिलच्या संकेतस्थळावरही तक्रार टाका, आणि दुसऱ्या ज्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये तीच चूक असेल तिथंही. इथून मुदत मोजायची. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली पाहिजे, आणि त्यातले २१ दिवस बँकेचे. ३० दिवस उलटले तर रोजचे १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. उशीर बँकेचा असेल तर बँक देते, कंपनीचा असेल तर कंपनी. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे आणि शाखेतल्या साहेबाला तो अर्जात वाचायला मिळाला की फाइल जरा लवकर हलते, असा माझा अनुभव आहे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा आलं ते भलतंच आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. सीएमएस या त्यांच्या तक्रार पोर्टलवर तक्रार होते, १४४४८ या नंबरवर माहिती मिळते, पैसे लागत नाहीत. वकीलही लागत नाही.

दुचाकीच्या ओळीचं प्रकरण वेगळं आहे. तिथं आधी ‘ओनरशिप’चा रकाना बघा. ‘गॅरंटर’ लिहिलं असेल तर आठवा, साळ्यासाठी किंवा शेजाऱ्यासाठी शोरूममध्ये सही केली होती का? जामीनदाराच्या रिपोर्टमध्ये ते कर्ज येतंच, आणि मुख्य माणूस थकला की डाग दोघांना लागतो. ती चूक नाही, ती आपली सही आहे.

जामीन नसेल तर रिपोर्टच्या वरच्या भागात पॅन, जन्मतारीख, पत्ते आणि मोबाइल तपासा. आपल्याकडं एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन-तीन जण सहज निघतात, कधी बापाचं नावही सारखं असतं. त्यात गुरुजींनी शाळेत घातलेली १ जून ही जन्मतारीख अर्ध्या गावाची. कर्जाच्या वेळी पॅन दिला-घेतला नसेल तर संगणक दोन माणसांना एक समजतो. तुमच्या रिपोर्टमध्ये तुमचा नसलेला पत्ता किंवा पॅन दिसला, तर हाच प्रकार. तक्रारीत ‘हे खाते माझे नाही’ हा पर्याय निवडा, आणि फायनान्स कंपनीला लिहा की या कर्जाचा अर्ज, फोटो आणि सहीची प्रत दाखवा. दुसऱ्याचा फोटो निघाला की विषय संपला.

आणि फोटोच्या जागी तुमचंच आधार निघालं, सही मात्र दुसऱ्याची असली, तर ती फसवणूक आहे. तेव्हा पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि सायबरच्या १९३० वर किंवा त्यांच्या पोर्टलवरही नोंदवा. त्या तक्रारीची प्रत जोडल्याशिवाय कंपनी हालत नाही. ‘मी भरून टाकतो, कटकट नको’ असं म्हणून एकही हप्ता भरू नका. भरला की कर्ज तुम्ही कबूल केलं असाच अर्थ लावतील.

हे झालं चुकीचं. जे खरं आहे, त्याला अर्ज नाही. तो भरण्याचा आणि वेळेचा खेळ आहे. थकीत खात्यावर बँक ‘एवढे भरा, बाकी सोडून देऊ’ म्हणते, तेव्हा आपल्याला वाटतं सुटलो. रिपोर्टमध्ये मात्र ‘सेटल्ड’ पडतं आणि पुढचा बँकवाला ते पाहून तोंड फिरवतो. नोंदी किमान सात वर्षं ठेवायचा नियम आहे. जमत असेल तर उरलेली रक्कम भरून खातं पूर्ण बंद झाल्याचं पत्र घ्या आणि वरच्यासारखाच अर्ज द्या. जमत नसेल तर सेटल्ड हे नुसतं थकीत पडून राहण्यापेक्षा बरं, एवढंच म्हणेन.

पीककर्जाचं नवं-जुनं, म्हणजे जुनं भरून नवं उचलणं, ३१ मार्चच्या आत करत जा. कापसाचा भाव चढेल म्हणून घरात गंजी लावून ठेवायची आणि मार्च उलटू द्यायचा, हे मला कधीच पटलेलं नाही. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. क्विंटलमागं चढलेले शे-दोनशे रुपये आणि गेलेली व्याजसवलत यांचा हिशोब कागदावर मांडून बघा. वर रिपोर्टमध्ये उशीर पडतो तो वेगळाच.

घरात बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर वहिनींचाही रिपोर्ट काढा, तोही क्रिफ हाय मार्कचा. ती कर्जं तिथं नीट दिसतात.

पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असं राज्य सरकारनं बँकांना वारंवार बजावलं आहे. तेव्हा पीककर्ज कोणी याच कारणानं नाकारलं तर कारण लेखी मागा. तुमचं म्हशींचं कर्ज त्यात बसत नाही, तिथं बँक रिपोर्ट पाहणारच. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या बँकेत अर्ज टाकत फिरू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते. जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते. तेव्हा दुरुस्ती पाठवल्याचं पत्र आलं की महिनाभर थांबा, नवा रिपोर्ट काढा, दोन्ही ओळी तपासा आणि तो छापलेला रिपोर्ट घेऊनच त्याच शाखेत परत जा.