दोन इंटरफेस, घड्याळ मात्र एकच

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग घरीच करतो. दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारं उपकरण) होता. पखवाज, टाळ आणि कोरससाठी वेगळ्या कंपनीचा चार इनपुटचा दुसरा घेतला. विंडोजवर रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एका वेळी एकच ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) निवडता येतो, म्हणून आसिओ-फॉर-ऑल हा अनेक उपकरणं एकत्र दाखवणारा ड्रायव्हर टाकून दोन्ही एकत्र केले. सुरुवात ठीक होते, पण मधूनमधून टिकटिक येते आणि शेवटाकडे ताल विस्कटतो. कोणतं सेटिंग चुकतंय? (सांगली)

उत्तर : सेटिंग चुकलेलं नाही. दोन्ही इंटरफेस ज्याच्या त्याच्या घड्याळाने चालले आहेत, दुखणं तिथे आहे. प्रत्येक इंटरफेसमध्ये एक क्रिस्टल असतो आणि सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाची सुटी मोजमापं, मोजायचं काम तो करतो. पण दोन क्रिस्टल कधीच तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत ४० एवढाच फरक धरा. सेकंदाला जेमतेम दोन सॅम्पल झाले. सात मिनिटांच्या अभंगाच्या शेवटी मात्र ८०६ सॅम्पल, म्हणजे जवळपास १७ मिलिसेकंद. पखवाजाची थाप गायकाच्या माइकमध्येही शिरते. दोन माइकमधलं वेळेचं अंतर असं वाढत गेलं की ती थाप आधी पोकळ वाटू लागते आणि पुढे चक्क दुहेरी ऐकू येते. टिकटिकीचं मूळही हेच : एका इंटरफेसचा बफर (सॅम्पल तात्पुरते साठवायची जागा) दुसऱ्याच्या आधी भरतो किंवा रिकामा होतो आणि मधले सॅम्पल गळतात. बफर १२८ वरून ५१२ केल्याने टिकटिक उशिरा येईल, जाणार नाही.

आसिओ-फॉर-ऑलमध्ये पान्याच्या चिन्हावर टिचकी मारून दोन्ही उपकरणं सुरू करता येतात हे खरं, पण ती एकाच घड्याळावर चालत असावीत ही त्याची पूर्वअट आहे. म्हणून आधी घड्याळ जुळवा. दोन्ही इंटरफेसना कोअॅक्सिअल एसपीडिफ (डिजिटल आवाज आणि त्याचं घड्याळ एकाच तारेतून नेणारी जोडणी) असेल तर एकाच्या ‘आउट’मधून दुसऱ्याच्या ‘इन’मध्ये ७५ ओहमची केबल टाका. साधी आरसीए ऑडिओ केबल लांबीला कमी असेल तर चालून जाते, पण तिचा भरवसा धरू नका. मग दुसऱ्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सिंक सोर्स ‘इंटर्नल’वरून ‘एसपीडिफ’ करा आणि ‘लॉक्ड’ दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. दोन्हीकडे सॅम्पल रेट एकच हवा, एक ४४.१ वर आणि दुसरा ४८ वर असेल तर लॉक होणारच नाही.

आमचं स्पष्ट मत : पैसे घालायचेच असतील तर दुसरा इंटरफेस घेण्यापेक्षा अॅडॅट ऑप्टिकल इनपुट (प्रकाशाच्या तारेतून अनेक चॅनल घेणारं) असलेला एकच इंटरफेस आणि त्याला जोडायचा आठ प्रीअॅम्पचा, म्हणजे माइकचा आवाज मोठा करणाऱ्या आठ इनपुटांचा, डबा घ्यावा. फोकसराइटच्या स्कारलेट १८आय२० ला असं इनपुट आहे, आणि बेहरिंगरचा एडीए८२०० हा असा डबा आहे. एका ऑप्टिकल केबलमधून ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनल येतात (९६ ला चारच). डब्याचा स्विच अंतर्गत ४८ वर, इंटरफेसचा सिंक सोर्स ‘अॅडॅट’ वर. हे दुसरं पाऊल राहिलं की दर काही सेकंदांनी टिक वाजते, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. विंडोजला यात एकच उपकरण आणि एकच ड्रायव्हर दिसतो. काही कंपन्यांचे ड्रायव्हर त्यांचीच अनेक उपकरणं सांभाळतात, उदाहरणार्थ आरएमईचा, एकाच वेळी तीनपर्यंत. पण तिथेही सिंकची केबल लागतेच.

तूर्तास खर्च नको असेल तर दुसरा इंटरफेस वेगळ्या लॅपटॉपला लावा. दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवून रेकॉर्डिंग सुरू करा आणि गाण्याच्या आधी व नंतर सर्व माइकमध्ये ऐकू जाईल अशी एक टाळी वाजवा. मग रीपरमध्ये पहिली टाळी जुळवून, ऑल्ट दाबून दुसऱ्या क्लिपची कड शेवटची टाळी जुळेपर्यंत ओढा. ‘प्रिझर्व पिच’ची (स्वर तोच ठेवण्याची) खूण मात्र काढून टाका. ती राहिली तर सॉफ्टवेअर आवाज चिरून पुन्हा जोडतं आणि टाळांची धार जाते. स्वरात पडणारा फरक इतका सूक्ष्म असतो की कानाला कळत नाही. वेगळ्या लॅपटॉपवर सॅम्पल गळत नाहीत, म्हणून फरक एकसारखा वाढतो आणि सरळ ताणून मिटतो.

प्रश्न : दोन मिडी कीबोर्ड, एक ड्रम पॅड आणि जुन्या सिंथसाठी पाच पिनांचा मिडी इंटरफेस. मिडीतही घड्याळाची हीच अडचण येते का? (पुणे)

उत्तर : नाही. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, ‘ही पट्टी दाबली’ एवढा निरोप जातो, त्यामुळे हवे तेवढे पोर्ट एकत्र उघडा. ज्या ऑडिओ इंटरफेसचा आसिओ ड्रायव्हर निवडलेला नाही, त्याच्या पाठीवरचे मिडी सॉकेटही चालतात.

त्रास होतो तो नावांचा. विंडोज एकसारख्या दोन इंटरफेसना एकच नाव देतं, दुसऱ्यापुढे फक्त ‘२-’ लावतं. केबल दुसऱ्या यूएसबी खाचेत गेली की बरीच उपकरणं नव्याने नोंदली जातात आणि प्रोजेक्टमधली जोडणी तुटते. खाचेला आणि केबलला एकाच रंगाची चिकटपट्टी लावून ठेवा. जुन्या नोंदी डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत ‘शो हिडन डिव्हायसेस’ केल्यावर फिकट दिसतात. त्या अनइन्स्टॉल करा. ‘पोर्ट वापरात आहे’ असा संदेश आला तर दुसरा प्रोग्राम, बहुतेक वेळा कीबोर्डचंच सेटिंगचं सॉफ्टवेअर किंवा ब्राउझर, तो पोर्ट धरून बसलेला असतो. आधी तो बंद करा.

पाच पिनांच्या तारेचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका सुराच्या निरोपाला साधारण एक मिलिसेकंद लागतो, म्हणून एकाच पोर्टवर दहा सूर एकदम पाठवले तर दहावा जवळजवळ १० मिलिसेकंद उशिरा पोचतो. ड्रमचा पोर्ट वेगळा ठेवा. मिडी क्लॉक, म्हणजे उपकरणांना लय सांगणारे निरोप, तेही एकाच ठिकाणाहून पाठवा.

प्रश्न : सगळं एका यूएसबी हबवर लावलं की इंटरफेस मधेच गायब होतो. (नाशिक)

उत्तर : यूएसबी २.० ची खाच ५०० मिलिअँपिअर देते आणि बिनअॅडॉप्टरचा हब तेवढंच सगळ्यांत वाटतो. ४८ व्होल्ट फँटम (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) सुरू केलं की इंटरफेसची भूक वाढते. ऑडिओ इंटरफेस थेट संगणकाला लावा, हबवर फक्त मिडी, आणि हब अॅडॉप्टरवाला घ्या. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ (वीज वाचवायला यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद करायला विसरू नका.