बोल्ट कसा, पण गाडी खाली टेकल्यावर

वाचकांचे प्रश्न : गॅरेज

प्रश्न : माझ्याकडे अठरा-एक वर्षांची फोर बाय फोर पिकअप आहे. पुढे-मागे पाटेच (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). आधी ती वास्कोला मासळीची गाडी होती. काजूच्या बागेत जाताना ॲक्सलचे हाउसिंग दगडाला लागायचे, म्हणून गेल्या महिन्यात चारही बाजूंना लांब शॅकल (पाट्याचे एक टोक चेसिसला जोडणारा हलता दुवा) घालून दोन इंच उचलून घेतली. आता चाळीसच्या पुढे स्टिअरिंग तरंगते आणि खड्ड्यातून बाहेर पडताना मागून ‘खट्ट’ आवाज येतो. लांब शॉकअप आणि पाट्यांच्या सांध्यांतले नवे रबरी बुश आणून ठेवलेत. घरच्या शेडमध्ये मीच बसवणार. सुरुवात कुठून करू?
– एक बागायतदार, वाळपई

उत्तर : वाळपईकर, सुरुवात पान्याने नको, हातोडीने करा. मासळीच्या गाडीत क्रेटमधला बर्फ वितळतो आणि खारे पाणी वर्षानुवर्षे मागच्या पाट्यांवर, शॅकलवर गळत राहते. फोंड्याला माझ्याकडे अशा गाड्या येतात. वरून रंग नवाकोरा, आणि शॅकल ज्या ब्रॅकेटला लटकते ते चेसिसपाशी पापडासारखे. छोट्या हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पुढे चला. बद्द आवाज आला, पापुद्रे सुटले, तर शॉकअप कपाटात ठेवा आणि आधी ब्रॅकेटचे काम करून घ्या. बुशच्या नळीत बोल्ट गंजून बसला असेल तर घण मारत बसू नका, ग्राइंडरने कापा. नवा घेताना जुन्याच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा मजबुतीचा जो आकडा छापलेला असेल तोच मागून घ्या.

आणखी एक. शेडमध्ये चिरे पडलेले असतातच, आणि हात आपोआप तिकडे जातो. चाकापुढे अडसर म्हणून चिरा चालेल, पण गाडीखाली आधाराला कधीच नको. वजन आले की त्याचा भुगा होतो. चेसिसखाली लोखंडी स्टँडच हवेत. नुसत्या जॅकवरही आत शिरू नका.

आता तुमचा ‘खट्ट’. लांब शॅकलमुळे ॲक्सल पूर्वीपेक्षा खाली लोंबतो, पण शॉकअप जुन्याच लांबीचा आहे. चाक खड्ड्यात उतरले की तो पूर्ण उघडतो आणि सगळा ॲक्सल त्याच्यावर लटकतो. तो आवाज त्या धक्क्याचा असणार. लांब शॉकअप आणलात हे बरोबर, पण किती लांब ते मोजलेत का? ॲक्सल खाली जास्त जातो, वर मात्र पूर्वी जायचा तिथपर्यंतच जातो. शॉकअप फार लांब असेल तर ॲक्सलला वर अडवणारा रबरी बंप स्टॉप लागायच्या आधी शॉकअपच आतून आपटेल आणि पहिल्याच पावसाळ्यात तेल गाळायला लागेल.

म्हणून दोन मापे घ्या. चेसिस स्टँडवर, ॲक्सल मोकळा लटकलेला. शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधले अंतर समजा ५८ सेंटीमीटर भरले. शॉकअप पूर्ण उघडल्यावर त्याहून थोडा जास्तच हवा. मग गाडी चाकांवर उतरवा. तेच अंतर ४८ भरले आणि बंप स्टॉपखाली ९ सेंटीमीटर जागा असली, तर उरले ३९. रबरही दबते, म्हणून बंद शॉकअप ३६ च्या आसपास हवा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही मोजा. ॲक्सल लटकलेला असतानाच ब्रेकचा होज पाइप बघून घ्या. तो ताणलेला दिसला तर शॉकअपआधी तो बदलायचा.

बुशची गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो. एका वर्षी चवथीच्या आधी गॅरेज भरलेले होते. एका पिकअपचे सगळे बुश घातले आणि गाडी वर असतानाच बोल्ट करकचून कसले. दिवाळीला गाडी परत आली, रबर फाटलेले, पाटे कुरकुरत होते. बोल्ट कसला की बुशच्या आतली नळी शॅकलच्या पट्ट्यांत घट्ट धरली जाते आणि पुढची सगळी हालचाल रबराच्या पिळातून होते. लटकलेल्या अवस्थेत कसलात तर गाडी जमिनीवर उभी असतानाही रबर पिळलेलेच राहते. म्हणून वर असताना नट नुसते हाताने लावा. गाडी खाली आणा, हौद्यात चढून दोनचार उड्या मारा आणि मग टॉर्क रेंचने कसा. रबराला ग्रीस लावू नका, ते फुगते.

स्टिअरिंग तरंगण्याला शॉकअप औषध नाही. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, तसा कल पुढच्या चाकांनाही असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. तुमच्या गाडीत पुढच्या पाट्याचे शॅकल पुढच्या टोकाला असेल, तर ते लांब केल्याने हा कल कमी होतो आणि स्टिअरिंग तरंगते. अलाइनमेंटवाल्याकडे कॅस्टर मोजून घ्या आणि पाटा व ॲक्सल यांच्यामध्ये पोलादी पाचर बसवून घ्या. माझे मत विचाराल तर पुढची लांब शॅकल काढूनच टाका. दोन इंच उंचीसाठी शॅकल चार इंच वाढवावे लागते, आणि एवढे लांब शॅकल वळणावर आडवे डोलते. पैसे जमले की नवे, जास्त कमानीचे पाटे घाला.

मागच्या ॲक्सलपासून चेसिसवरच्या ब्रेक व्हॉल्व्हला जाणारी दांडी असेल तर तीही जुळवून घ्या. गाडी उचलली की त्या व्हॉल्व्हला हौदा रिकामा वाटतो आणि भरल्या गाडीलाही मागचे ब्रेक कमी मिळतात. अनमोड घाट उतरताना ते महागात पडेल.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ बनावटीशी न जुळणारा फेरफार चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. बागेतल्या बागेत फिरवणे वेगळे; रस्त्यावर आणणार असाल तर आधी आरटीओत विचारा.

प्रश्न : गाडी उचलायला मागच्या बाजूला पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये एकेक इंचाचे दोन ब्लॉक एकावर एक ठेवले तर चालेल का?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : नाही. ब्लॉक एकच, अखंड, आणि पाट्याच्या पट्ट्या एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके त्याच्या भोकात नीट बसलेले. पुढच्या ॲक्सलला तर एकही नको. पाटा ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट नवेच घ्या, एकदा ताणलेले पुन्हा तसे धरत नाहीत. आणि शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा कसा.