काटा खरं बोलतो

प्रिय मुली,

परवा फोनवर तू म्हणालीस, "सर, नागपूर ते शिर्डी चार तासांत आले." आवाजात इतका आनंद होता की तेव्हा काही बोलवेना. फोन ठेवला आणि कागद-पेन घेऊन हिशोब मांडत बसलो. समृद्धी महामार्गावरून हे अंतर ५२० किलोमीटर. चार तासांत म्हणजे सरासरी १३०, आणि तेही पाणी प्यायलासुद्धा न थांबता. मधे पंधरा मिनिटं जरी उतरली असशील, तरी काटा १४० ला टेकला असणार. तिथे मोटारींना मर्यादा १२० ची. त्या वेगाने तू ४ तास २० मिनिटांत पोचली असतीस. म्हणजे वाचली ती वीस मिनिटं.

मी तुला हाफ क्लचवर चढाला गाडी धरायला शिकवलं, रिव्हर्स घालायला शिकवलं, आरसे बघायला शिकवलं. वेग शिकवायचा राहून गेला. गावातल्या गर्दीत तिसऱ्या गिअरच्या वर आपण क्वचितच गेलो, मग शिकवणार कुठे? ती राहिलेली शिकवणी आता पत्रातून घेतोय.

पहिली गोष्ट मनात पक्की धर. आपल्या अंगाला वेग कळत नाही. आधीच्या वेगापेक्षा आता कमी की जास्त, तेवढंच कळतं. घरातून निघून हायवेला लागलीस की ८० सुद्धा जोरात वाटतात. तेच तासभर १२० ने गेल्यावर ८० वर आलीस, तर गाडी रांगतेय असं वाटतं.

मला हे तीस वर्षं शिकवून झाल्यावर कळलं. समृद्धी नागपूर ते शिर्डी सुरू झाली डिसेंबर २०२२ मध्ये. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही त्या रस्त्याने जालन्याला निघालो होतो. सलग तीन तास ११० च्या आसपास, सरळ काँक्रीट, समोर कुणी नाही. जालन्याच्या इंटरचेंजला डावीकडे वळलो, ब्रेक लावला आणि वाटलं, चाळिशीत आलो. रॅम्पचं वळण सुरू झालं तसा मागच्या सीटवरचा जेवणाचा डबा घसरत जाऊन दारावर आपटला, टायर किंचाळले, बायकोने हँडलला घट्ट धरलं. काट्याकडे पाहिलं तर ७५. गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर सावरली. पिठलं सीटच्या फटीत गेलं होतं, ते काढताना माझे हात थरथरत होते. ब्रेक उत्तम होते, टायर नवे होते, हात तीस वर्षं बसलेला होता. चुकला तो अंदाज.

म्हणून हायवे सोडताना, टोलनाक्याजवळ, घाट सुरू होताना, गावाचा फाटा आला की काटा डोळ्यांनी बघायचा. 'आला असेल कमी' असं धरून चालायचं नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना हेच होतं. शंभरच्या सवयीने माणूस घाटात शिरतो, मग सारखा ब्रेकवर पाय. ब्रेक तापतात आणि ऐन उताराला लागेनासे होतात. उताराला खालचा गिअर टाकून इंजिनला गाडी धरू दे, आणि न्यूट्रल तर कधीच मारू नकोस, डिझेल वाचेल असं कितीही वाटलं तरी.

आता १३० चा प्रश्न. तुला वाटत असेल, शंभरपेक्षा तीसच तर जास्त. पण ब्रेकचं गणित वेगाच्या वर्गाने चालतं. शंभरला लागते त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट जागा १३० ला लागते. दोन गाड्या शेजारी शेजारी धावताहेत, एक शंभरने, एक १३० ने. समोर नीलगाय आली, दोघांनी एकाच क्षणी ब्रेक दाबला. शंभरवाली जिथे पूर्ण थांबते, तिथे दुसरी अजून ८० च्या वर असते. हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवायचो तेव्हा पोरं गप्प व्हायची. आणि १३० ला गाडी एका सेकंदात ३६ मीटर जाते. मोबाईलवर कुणाचा फोन आहे एवढं बघायला दोन सेकंद जातात. तेवढ्यात ७२ मीटर रस्ता तू न बघता ओलांडलेला असतो.

रात्री ट्रकची मागची लाल बत्ती दिसली की पाय लगेच वर घे. लांबून ती बत्ती जागच्या जागी असल्यासारखीच वाटते. ट्रक साठने चालला आहे की बंद पडून उभा आहे, ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही, आणि तू त्याच्याकडे सेकंदाला वीस-तीस मीटरने सरकत असतेस.

सरळ रस्त्याचा दुसरा धोका म्हणजे उघड्या डोळ्यांची झोप. मागचा बोर्ड कुठल्या गावाचा होता ते आठवत नसेल, तर समज की झालं सुरू. खिडकी उघडून किंवा गाणी मोठ्याने लावून ती जात नाही. उतरायचं, चालायचं, चहा घ्यायचा, जमलं तर पंधरा मिनिटं डोळे मिटायचे. दर दोन तासांनी, झोप येत नसली तरी. दुपारी दोन ते चार आणि पहाटेची वेळ टाळता आली तर टाळच. क्रूझ कंट्रोल, म्हणजे गाडीचा वेग आपोआप धरून ठेवणारी सोय, लावलीस की पायाला काम उरत नाही आणि डोकं आणखी लवकर सुस्तावतं, हेही लक्षात ठेव.

टायरची हवा सकाळी गाडी गार असताना तपासत जा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, वाकून बघ. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. जुन्या, कमी हवेच्या टायरवर तापलेल्या काँक्रीटवरून तासन् तास १२० ने जाणं म्हणजे फुटायला निमंत्रण.

तुझी आई मागे बसते आणि पट्टा लावत नाही, हे मी पाहिलंय. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्रींची मोटार पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढचे दोघे वाचले. मागचे दोघे, मिस्त्री त्यातलेच, गेले, त्यांनी पट्टे लावले नव्हते. आईला हे सांगायला जड जाईल, पण सांग. पट्टा लागल्याशिवाय गाडी चालू करू नकोस.

शनिवारी निघणार आहेस ना? बाबांना 'सहापर्यंत पोचते' असं सांगू नकोस. एकदा वेळ सांगितली की पाऊण रस्ता सरल्यावर माणूस घड्याळाकडे बघायला लागतो आणि पाय आपोआप दाबला जातो. 'पोचल्यावर फोन करते' एवढंच सांग. मग मलाही कर, कितीही वाजले तरी मी जागा असेन.

तुझे
सर