शरद ऋतूत नर्सरीतून काय घ्यावं आणि ते कसं लावावं?

तुमचा प्रश्न असा आहे: शरदात नर्सरीत झाडं, झुडपं, कंद, फुलांनी भरलेल्या कुंड्या असं सगळं एकदमच मांडलेलं असतं. त्यातलं आत्ता काय लावावं, कशासाठी वसंतापर्यंत थांबावं, आणि लावलेलं थंडीत मरू नये म्हणून काय करावं?

शरदातली लावणी मुळांसाठी असते, फुलांसाठी नाही. एवढं धरून चाललात की निम्मी निवड आपोआप होते. हवा थंड झाली तरी उन्हाळाभर तापलेली माती लगेच थंड होत नाही. वर ऊन कमी, त्यामुळे पानांतून पाणी कमी उडतं. खाली ऊब असते, त्यामुळे मुळं पसरत राहतात. मातीचं तापमान साधारण ५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरेस्तोवर बऱ्याच झाडांची मुळं हळूहळू वाढत असतात. वरून झाड झोपल्यासारखं दिसतं, पण वसंतात पालवी फुटते तेव्हा ती पोसायला मुळं तयार असतात. वसंतात लावलेल्या झाडाला मुळं आणि पानं दोन्ही एकदम वाढवावी लागतात, आणि पाठोपाठ उन्हाळा येतो.

वेळेचा हिशेब मागून करा. तुमच्या भागात जमीन कधी गोठते ते पाहा आणि तिथून किमान ६ आठवडे मागे या. पानगळीच्या झाडांसाठी ती शेवटची तारीख. सदाहरित झाडं मी त्याहूनही दोन-तीन आठवडे आधी लावेन, कारण त्यांची पानं थंडीतही पाणी सोडत असतात आणि गोठलेल्या मातीतून मुळांना ते परत मिळत नाही. वसंतात तपकिरी पडलेलं सदाहरित झाड बहुतेक वेळा थंडीने नाही, तहानेने गेलेलं असतं. जिथे जमीन गोठतच नाही तिथे ही मुदत लागू नाही, तिथे थंडीचा बहुतेक काळ लावणीलायक असतो. (उत्तर गोलार्धात शरद म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर, दक्षिण गोलार्धात मार्च ते मे.)

आत्ता घ्यायचं ते असं: पानगळीची झाडं-झुडपं, वसंतात फुलणारे कंद, लसूण, आणि दरवर्षी बुडातून पुन्हा फुटणारी बहुवर्षायू फुलझाडं, विशेषतः वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलणारी. थांबायचं ते: डेलिया, कर्दळ, ग्लॅडिओलस यांचे कंद, कारण ते गोठलेल्या जमिनीत कुजतात, तुमच्या भागात जेमतेम तगणारं कोणतंही नाजूक झाड, आणि जमिनीतून खणून काढून विकायला ठेवलेली मॅग्नोलिया किंवा बर्चसारखी झाडं. मॅग्नोलियाची मुळं मांसल असतात, तुटली की शरदात लवकर सावरत नाहीत. हीच झाडं कुंडीत वाढलेली असतील तर धोका कमी.

नर्सरीत झाड वरून बघून घेऊ नका. हंगामाच्या शेवटी पानं पिवळी पडलेली, कडा करपलेल्या असणारच. पानगळीच्या झाडात त्याला दोष मानायचं कारण नाही. नखाने फांदीची साल किंचित खरवडा, आत हिरवं दिसलं की फांदी जिवंत आहे. मग परवानगी घेऊन झाड कुंडीतून अलगद बाहेर काढून पाहा. मुळं टणक आणि फिकट रंगाची हवीत. काळी, मऊ, वास मारणारी असतील तर झाड परत ठेवा. मुळं कुंडीच्या आकारात गोल फिरून दोरीसारखी जाड झाली असतील तर झाड त्या कुंडीत फार दिवस राहिलंय. बारीक मुळांचं जाळं असेल तर चालतं, ते कापून सुधारता येतं. पण खोडाच्या अगदी जवळ बोटाएवढी जाड मुळी वेटोळं घालून बसली असेल तर ते झाड सवलतीतही घेऊ नका. पाच-सात वर्षांनी तीच मुळी खोडाला फास लावते. याउलट बहुवर्षायू फुलझाडाचा वरचा भाग पूर्ण वाळलेला असला तरी बूड टणक आणि मुळं निरोगी असतील तर खुशाल घ्या.

आता खड्डा. सगळ्यात जास्त झाडं इथे मरतात, आणि कारण बहुधा एकच असतं: फार खोल लावणं. खड्डा मुळांच्या हुंडीच्या (मुळं आणि त्यांना धरून असलेला मातीचा गोळा) दुप्पट ते तिप्पट रुंद असावा, पण खोली हुंडीएवढीच, तसूभरही जास्त नाही. खाली भुसभुशीत माती राहिली की झाड पहिल्या काही पाण्यांतच खचतं. खोड जिथे रुंद होऊन मुळांत उतरतं ती जागा जमिनीच्या पातळीला किंवा बोटभर वर यायला हवी. नर्सरीच्या कुंडीत ही जागा बऱ्याचदा चार-पाच सेंटीमीटर मातीखाली गाडलेली असते. म्हणून वरची माती आधी खरवडून ती शोधा आणि मग खोली मोजा. कलमी झाड असेल तर कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्या.

लावण्याआधी कुंडी बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. कुंडीत मातीऐवजी भरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पीटचं मिश्रण एकदा कोरडं पडलं की वरून ओतलेलं पाणी कडेने निघून जातं आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत राहतो. मग हुंडीच्या बाजूंना तीन-चार ठिकाणी उभे, २ सेंटीमीटर खोल काप द्या आणि तळाचं जाळं सोडवा. यात काही मुळं तुटतील, तुटू द्या. तिथूनच नवी फुटतात.

चिकण मातीत फावड्याने खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात आणि मुळं त्या भेदत नाहीत, म्हणून भिंती ओरबाडून घ्या. माती ओली, चिकट असताना खणूच नका, वाफसा येऊ द्या, म्हणजे जादा ओल ओसरू द्या. खड्ड्यात खत आणि कंपोस्ट भरायचा मोह सगळ्यांना होतो, पण मी खणलेली मातीच परत भरायला सांगेन. खड्डा पोषक आणि आजूबाजूची जमीन कडक असली की मुळं खड्ड्याबाहेर जात नाहीत, आणि पावसाचं पाणी त्या मऊ खड्ड्यात येऊन साचतं. कंपोस्ट वर पसरा. नत्रयुक्त खत तर शरदात अजिबात नको. त्याने कोवळा फुटवा येतो आणि पहिल्याच गोठवणाऱ्या रात्री काळा पडतो.

अर्धा खड्डा भरून झाला की पाणी द्या म्हणजे पोकळ्या बसतील, मग उरलेली माती. पायाने धोपटून घट्ट करू नका. हुंडीच्या कडेबाहेर आळं करा, वर ५ ते ७ सेंटीमीटर पालापाचोळा किंवा सालीचं आच्छादन घाला आणि खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. आच्छादन खोडाला टेकलं की साल कुजते आणि उंदीर तिथे आडोशाला येऊन ती कुरतडतात. झाड वाऱ्याने हलत असेल तरच काठी लावा, तीही खोडाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाला सैल बांधून. वर्षभराने ती काढून टाका.

थंडी पडली म्हणून पाणी तोडू नका. पाऊस नसेल तर लहान झाडाला आठवड्याला साधारण १० लिटर, जमीन गोठेपर्यंत. ओल तपासताना बोट आजूबाजूच्या मातीत नाही, मूळ हुंडीत खुपसा. बाहेरची माती ओली असताना हुंडी कोरडी पडलेली असते, आणि सुरुवातीला मुळं फक्त तिथेच असतात.

कंदांकडे वळू. ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथ, क्रोकस घेताना कंद हातात दाबून पाहा. वजनदार, टणक, बुडाला बुरशी नसलेला हवा. वरचं तपकिरी साल सुटलेलं असलं तरी हरकत नाही. आकाराला महत्त्व द्या, कारण पुढच्या वसंतातलं फूल कंदात आधीच तयार असतं. ट्यूलिपचा १२ सेंटीमीटर किंवा जास्त परिघाचा कंद उत्तम, फार लहान कंद नुसतं एक पान देतो. हायसिंथ हाताळताना हातमोजे घाला, त्याने कातडीला खाज सुटते.

खोली कंदाच्या उंचीच्या तिप्पट: ट्यूलिप, डॅफोडिल सुमारे १५ सेंटीमीटर, क्रोकस ८ ते १०. टोक वर, बूड खाली. दोन कंदांत कंदाच्या रुंदीच्या दुप्पट अंतर. डॅफोडिल लवकर लावा, त्याला मुळं धरायला वेळ लागतो. ट्यूलिप मात्र सगळ्यात शेवटी, माती चांगली थंड झाल्यावर, कारण उबदार ओलसर मातीत त्याला पानं-फुलं करपवणारी बॉट्रायटिस बुरशी लवकर धरते. खारी आणि उंदीर ट्यूलिप, क्रोकस उकरून खातात, तेव्हा वर २ सेंटीमीटर भोकांची जाळी अंथरून मातीने झाका. डॅफोडिल विषारी असल्याने त्याला ते सहसा तोंड लावत नाहीत.

जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे ट्यूलिपची फसगत ठरलेली. त्याला १२ ते १६ आठवडे सलग थंडी लागते, नाहीतर फूल आखूड दांड्यावर पानांतच अडकतं. अशा ठिकाणी कंद कागदी पिशवीत घालून ४ ते ७ अंशांवर फ्रिजमध्ये १२ ते १६ आठवडे ठेवा आणि काढल्याबरोबर लावा. त्या फ्रिजमध्ये सफरचंद किंवा पिकणारं कोणतंही फळ नको. त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदातली कळी आतल्या आत मरते. इतकी खटपट नको असेल तर पेपरव्हाइट जातीचे नार्सिसस घ्या, त्यांना थंडी लागत नाही.

लसणाचा गड्डा लावायच्या दिवशीच फोडा. मोठ्या पाकळ्या निवडा, टोक वर, वर ५ सेंटीमीटर माती, दोन पाकळ्यांत १० ते १५ सेंटीमीटर. पुरेशी थंडी मिळाली नाही तर गड्ड्यात पाकळ्याच पडत नाहीत, एकसंध गोळा तयार होतो.

फुलांच्या कुंड्यांबद्दल थोडक्यात. शेवंती पूर्ण उमललेली नको, कळ्यांवरची घ्या. भर फुलात घेतलेली शेवंती जमिनीत लावली तर कडक थंडीत सहसा टिकत नाही, कारण सगळी ताकद फुलांत गेलेली असते आणि मुळं धरत नाहीत. ती टिकवायची असेल तर लवकर लावा आणि वाळलेल्या फांद्या वसंतापर्यंत छाटू नका. पॅन्सीला थंडी मानवते. वाळलेली फुलं खुडत राहा, नाहीतर बी धरून ती फुलायची थांबते.

थंडीत जमीन गोठते-वितळते तेव्हा उथळ मुळांची नवी रोपं वर उचलली जातात आणि मुळं उघडी पडतात. अशी रोपं दिसली की जमीन मऊ असताना हाताने दाबून परत बसवा आणि वर आच्छादन वाढवा. आणि वसंतात कंदांची फुलं संपल्यावर पानांना हात लावू नका, गाठीही मारू नका. ती पिवळी पडायला साधारण ६ आठवडे घेतात, आणि पुढच्या वर्षीचं फूल त्याच काळात कंदात भरलं जातं.