खेळ आणि शरीर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी २३ वर्षांचा. फुटबॉल खेळताना डाव्या गुडघ्याचं एसीएल लिगामेंट (मांडीचं आणि नडगीचं हाड आतून बांधून ठेवणारा पट्टा) तुटलं. मांडीच्या मागचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) घेऊन नवं बसवलं, त्याला पाच महिने झाले. दुखत नाही, सरळ धावतोही. पण डावी मांडी बारीक दिसते आणि त्या पायावर उभा राहिलो की तोल जातो. गावच्या स्पर्धेत उतरू का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : नको, कृपा करून नको. दुखणं थांबलं म्हणजे गुडघा खेळायला तयार झाला, असं नसतं. बसवलेला टेंडन हाडात रुजून लिगामेंटचं काम करू लागायला बरेच महिने जातात. शिवाय गुडघा किती वाकला, कुठे वळला हे मेंदूला कळवणारी मज्जातंतूंची टोकं जुन्या लिगामेंटबरोबर गेली. तोल जाण्याचं एक कारण ते. मांडी बारीक होण्याचं कारण निराळं : गुडघ्यात सूज असताना मज्जासंस्था मांडीचा पुढचा स्नायू दाबून ठेवते, आणि सूज ओसरली तरी तो आपोआप भरून येत नाही. चालून किंवा सायकल चालवून तर नाहीच. त्याला वजनच लागतं.

आधी पाठीवर झोपून टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा. डावा गुडघा उजव्याइतका सरळ होत नसेल, तर फिजिओकडून पहिलं काम ते करून घ्या. होत असेल, तर आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, एका पायाने लेग प्रेस (जिममध्ये बसून पायाने वजन ढकलायचं यंत्र) : ८ ते १० वेळा, तीन फेऱ्या. वजन एवढं, की शेवटच्या दोन वेळा जड जाव्यात. दोन पायांवरच्या बैठकांत बहुतेकजण इथेच फसतात. चांगला पाय नकळत भार उचलतो आणि दुखरा तसाच राहतो.

मग १५ सेंमी उंचीची पायरी. डाव्या पायावर उभं राहून उजवी टाच तीन सेकंदांत सावकाश जमिनीला टेकवायची आणि वर यायचं, आरशासमोर. गुडघा आत कलला तर ती वेळ मोजू नका, पायरी कमी उंचीची घ्या. एसीएल बहुधा अशाच आत कललेल्या गुडघ्यावर तुटतं. कलण्यामागे पुष्कळदा कमरेच्या बाजूचे स्नायू कच्चे असतात. म्हणून उजव्या कुशीवर झोपून डावा पाय सरळ वर उचलण्याच्या १५-१५ च्या तीन फेऱ्याही हव्यात.

तोलाचा सराव रोज. एका पायावर ३० सेकंद, पाच वेळा. तो स्थिर जमला की मान दोन्हीकडे वळवत, नंतर भिंतीजवळ डोळे मिटून, मग घडी केलेल्या गादीवर, शेवटी कुणी टाकलेला चेंडू झेलत. क्रम मोडू नका. मिरामारच्या वाळूत धावायचा मोह होईल, पण कोरड्या वाळूत पाय रुततो आणि ओल्या किनाऱ्याला उतार असतो. सध्या तिथे चालण्यापुरतंच. पावसाळ्यातल्या निसरड्या मैदानावर तर पाऊलही टाकू नका.

व्यायामात दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला, तर पुढच्या वेळी वजन कमी करा.

मैदानावर परतण्याआधी किमान नऊ महिने पूर्ण हवेत, आणि मांडीची ताकद व एका पायाच्या उडीचं अंतर दोन्ही उजव्या पायाच्या ९० टक्के तरी हवं. मात्र उजवा पायही या महिन्यांत अशक्त झालेला असतो, त्यामुळे टक्केवारी फुगलेली दिसू शकते. त्याच्याही व्यायामात कसूर नको. नंतर काही आठवडे संघाबरोबर पूर्ण सराव, मगच सामना.

प्रश्न : माझ्या मुलाचंही हेच ऑपरेशन झालं आहे. रोज खोबरेल तेलाने गुडघा चोळते. चालेल ना?
– एक आई, वाळपई

उत्तर : जखम पूर्ण भरली असेल तर हलक्या हाताने चोळा, बरं वाटतं. ताकद त्याने येत नाही, हे मुलालाही सांगा. पण पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखू लागली तर ती अजिबात चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर क्षणही न दवडता १०८ ला फोन करा.