बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 24 आहे, कंबर 38 इंच, फक्त पोट सुटलंय. हा लठ्ठपणा धरायचा का?

पोटाचा धरायचा. 165 सेंमी उंचीला 66 किलो म्हणजे बीएमआय 24 बरोबर येतो, पण 25च्या आत म्हणून निर्धास्त राहू नका. जगभर 25पासून जास्त वजन आणि 30पासून लठ्ठपणा मोजतात. आपल्याकडं तेच 23 आणि 25, शिवाय पोटाचा घेर: पुरुषांना 90 सेंमी, बायकांना 80. तुम्ही 38 इंच लिहिलंय, म्हणजे 96च्या वर. तो पँटचा नंबर असेल तर खरा घेर आणखी निघेल, कारण पट्टा आपण ढेरीच्या खाली बांधतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडून. पोट आत ओढू नका, बघायला कुणी येत नाही.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा दोघांचा फोटो छापला होता. बीएमआय दोघांचाही 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2.

मी परभणीत लॅबमध्ये आहे. रक्ताची नळी मशीनमध्ये फिरवली की वर येणारा द्रव, म्हणजे सीरम, पिवळसर, आरपार दिसायला पाहिजे. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, फार वाढलेलं असलं की ते दुधाळ येतं. नळी कुणाची म्हणून बघावं, तर बऱ्याचदा हातपाय काटकुळे आणि नुसतं पोट पुढं. आतड्याभोवतीची चरबी आपला माल थेट लिव्हरकडं धाडते. लिव्हरमध्ये चरबी साठते, साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर जुमानेनासं होतं, मागोमाग साखर आणि बीपी. मानेवर काळपट, जाडसर पट्टा आलाय का बघा. लोक तो दगडानं घासतात. तो मळ नसतो, इन्सुलिन वाढल्याची खूण असू शकते.

‘आम्ही ज्वारीची भाकर खातो’ हे लातूर काय, परभणी काय, सगळीकडं ऐकतो. ज्वारी चांगलीच. पण शेतात राबणाऱ्या वडलांचा खुराक मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, दुकानाच्या गादीवर बसून पचत नाही, त्यात प्रत्येक गिऱ्हाइकामागं गोड चहा. आधी तो चहा तोडा. तीन ते सहा किलो उतरले तरी साखर-बीपीत फरक दिसतो. वजन उतरवायच्या पावडरीचे डबे घेऊ नका.

उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) आणि एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) करून रिपोर्ट फिजिशियनला दाखवा. झोपेत घोरता, मधेच श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील तर तेही त्यांना सांगा.