आधी तारखा, मग नाव

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझी ती पेशंट मुलगी बॉर्डरलाइन, म्हणजे भावना सतत टोकाला जाणाऱ्या व्यक्तिमत्त्वविकाराची, आहे म्हणून नशेच्या गोळ्या घेते, की गोळ्यांमुळे बॉर्डरलाइन वाटते, असं विचारतोस, आणि चार पानांत एकही तारीख नाही! पहिली गोळी कितव्या वर्षी? हात पहिल्यांदा कापला तो त्याआधी की नंतर? मध्ये दोन-तीन महिने काहीच घेतलं नव्हतं असं कधी झालं का, आणि तेव्हा ती कशी होती? आधी तारखा, मग नाव.

विथड्रॉअलच्या, म्हणजे नशा तोडल्यावरच्या त्रासाच्या, चौथ्या दिवशी एका मुलाच्या केसपेपरवर मी ‘अँटिसोशल’ लिहिलं होतं, म्हणजे इतरांची पर्वा न करणारं व्यक्तिमत्त्व. खोटं बोलायचा, शेजारच्या पेशंटचे पैसे चोरले, पश्चात्ताप औषधालाही नाही. त्या निदानासाठी पंधराव्या वर्षाआधीपासूनची लक्षणं लागतात, हे मला पाठ होतं. विचारलं नाही. वर्षभराने त्याची बहीण भेटली. म्हणाली, गर्द सुरू होईपर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या वर्षापर्यंत, त्याने कुणाची पेन्सिलही उचलली नव्हती. तोवर तो शब्द तीन ठिकाणी त्याच्याआधी पोचला होता आणि ‘असले सुधारत नाहीत’ म्हणून तिन्हीकडे दारं बंद झाली होती. वॉर्ड भरलेला होता, रात्रपाळी होती. शिवाय आम्हाला शिकवणारे जुन्या वळणाचे. अमेरिकेच्या डीएसएमने, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानपुस्तकाने, १९५२ साली व्यसन व्यक्तिमत्त्वाच्या बिघाडातच घातलं होतं, ते वेगळं झालं १९८० मध्ये. पण बहिणीला विचारायला पाच मिनिटं लागली असती.

तारखा जुळेपर्यंत उपचार मात्र थांबवू नकोस. ‘आधी सोड, मग बोलू’ हे तुझ्या वरिष्ठांचं म्हणणं मला पटत नाही. जीव असह्य झाला की तिच्या हाताशी ती गोळी तेवढी आहे. ती काढून घेऊन बदल्यात काय देणार? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी बॉर्डरलाइन आणि व्यसन असे दोन्ही त्रास असलेल्या बायकांवर एकत्र उपचार केले. १९९९ च्या त्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांपेक्षा नशा जास्त घटली आणि मधेच सोडून जाणाऱ्याही कमी निघाल्या. घसरली म्हणून कुणाला हाकलायचं नाही, ही त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

तारखांवरून विकार आधीचाच ठरला, तर नाव बेलाशक लिही. तिला सांगून लिही. आणि ते ‘मॅनिप्युलेटिव्ह’, म्हणजे लोकांना खेळवणारी, तेवढं खोड, पत्रात तीनदा आलंय.

सोमवारी तिची आई येणार ना? कागदावर आडवी रेघ मार, डाव्या टोकाला मुलीचं जन्मवर्ष लिही आणि पेन आईच्या हातात दे.